खटला भरायला परवानगी कुणाची?

आज सिमेंटचं पोतं गल्लीतल्या दुकानात मिळतं. १९८१ साली तसं नव्हतं. सिमेंटचा भाव आणि वाटप दोन्ही सरकारच्या हातात होतं. केंद्राकडून राज्याला कोटा येई आणि राज्य सरकार तो परमिटावर वाटे. साध्या माणसाला घराचा स्लॅब टाकायचा तर अर्ज करून महिनोन्‌महिने वाट बघावी लागे. मुंबईतल्या बिल्डरला हजारो पोत्यांची गरज, आणि हजारो पोती मिळणार ती मंत्रालयातल्या एका सहीवर. टंचाई आणि सही एकत्र आली की पुढे काय होतं ते सांगायला फार मोठा अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

ही सही होती मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांच्या अखत्यारीत. कोकणातल्या आंबेतचे, बॅरिस्टर, धडाडीचे आणि फाइल तुंबू न देणारे. जून १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला, निराधारांसाठी संजय गांधींच्या नावाची योजना आली, लंडनहून भवानी तलवार आणण्याची घोषणा झाली, हे सगळं त्यांच्या जेमतेम दीड वर्षात. याच काळात त्यांनी ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ नावाचा ट्रस्ट काढला. हेतू कागदावर चांगला होता : कलावंत, साहित्यिक, गुणी मंडळींना मदत. प्रश्न होता तो देणग्यांचा. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला आणि आरोप जाहीर झाला : बिल्डरांनी ट्रस्टला देणगी द्यायची आणि सिमेंट उचलायचं. सहकारी साखर कारखान्यांकडूनही अशाच देणग्या आल्याचं पुढे कोर्टाच्या कागदपत्रांत आलं.

पुढची गोष्ट बहुतेकांना ‘सिमेंट प्रकरणात अंतुले गेले’ एवढीच आठवते. ती खरी आहे, पण ती गोष्टीचा छोटा तुकडा आहे. आमदार प. बा. सामंत यांच्या रिट याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. बख्तावर लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये निकाल दिला की देणग्या आणि सिमेंटचं वाटप यांचा एकमेकांशी संबंध आहे. (हेच लेंटिन पुढे जे. जे. रुग्णालयातल्या ग्लिसरॉल मृत्यूंच्या चौकशी आयोगावर होते.) अंतुलेंनी १२ जानेवारीला राजीनामा दिला. महिना-दीड महिन्यात केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलंही, म्हणजे ज्या टंचाईतून हे सगळं उगवलं तिचंच मूळ ढिलं झालं. खुर्ची गेली, धोरण बदललं. कुणालाही वाटावं, प्रकरण संपलं.

पण रिट याचिकेत कुणी गुन्हेगार ठरत नाही. तिथे सरकारी निर्णय वैध की अवैध एवढंच ठरतं. लाच घेतली असेल तर शिक्षा व्हायला फौजदारी खटला हवा, आणि मंत्र्यावर फौजदारी खटला भरायचा तर आधी एक दार उघडावं लागतं. त्या दाराशीच आपल्याकडचे बहुतेक राजकीय घोटाळे अडकतात. अंतुले प्रकरण त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. इतकं मोठं की भारतातला कुठलाही कायद्याचा विद्यार्थी या नावाला टाळून पदवी घेऊ शकत नाही.

हे दार म्हणजे खटल्यासाठीची पूर्वपरवानगी. १९४७ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ६ चा हिशेब सरळ होता : सरकारी नोकरावर लाचेचा खटला चालवायचा तर त्याला नोकरीवरून काढण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याची आधी संमती घ्या. कल्पना वाईट नाही. तलाठ्यापासून सचिवापर्यंत रोज नकारघंटा वाजवणाऱ्या माणसावर कुणीही चिडून खटला टाकू शकतो. प्रामाणिक अधिकाऱ्याने मग सही करायचीच कशाला? त्याला ओळखणाऱ्या वरिष्ठाने आधी कागद बघावेत, तथ्य असेल तर हो म्हणावं. अडचण येते ती वरिष्ठच नसलेल्या माणसापाशी. मुख्यमंत्र्याचा वरिष्ठ कोण?

कागदोपत्री उत्तर सोपं : राज्यपाल. पण राज्यपाल एरवी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, म्हणजे मुख्यमंत्र्यावरच्या खटल्याची परवानगी त्याच्याच मंत्र्यांच्या सल्ल्याने. हा गुंता पहिल्यांदा कोर्टात नेला तो भाजपचे मुंबईतले नेते रामदास नायक यांनी. शौरींचा लेख आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १ सप्टेंबर १९८१ ला, त्यांनी राज्यपालांकडे परवानगीचा अर्ज दिला. दहा दिवसांनी मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात खासगी फिर्याद दाखल केली. लाचेच्या कलमांखाली परवानगीशिवाय दखल घेता येणार नाही, असं मॅजिस्ट्रेटने सांगितलं. मग उच्च न्यायालय. तिथे सुनावणीत सरकारी बाजूने मान्य झालं, की अशा प्रकरणात राज्यपालांनी मंत्रिमंडळाला न विचारता स्वतःच्या विवेकाने ठरवणं योग्य.

पुढे सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि म्हणालं, आम्ही असं मान्य केलंच नव्हतं. यावर न्या. चिन्नप्पा रेड्डींनी दिलेलं उत्तर आजही वकिलांच्या तोंडी असतं. कोर्टात काय घडलं याबाबत न्यायाधीशांनी निकालात लिहिलेलं अंतिम. चूक झाली असेल तर आठवण ताजी असताना त्याच न्यायाधीशांकडे जा, वरच्या कोर्टात येऊन ‘आम्ही बोललोच नाही’ म्हणता येणार नाही. मुख्यमंत्र्याच्या बाबतीत राज्यपालांनी स्वतः ठरवावं, हेही कोर्टाने उचलून धरलं. राज्यपाल इद्रिस हसन लतीफ यांनी २८ जुलै १९८२ ला परवानगी दिली. मागितलेल्या लांबलचक यादीपैकी तीन विषयांतल्या पाच बाबींपुरतीच, पण दिली.

आता खटला चालायला हवा होता. नायकांनी ऑगस्टमध्ये विशेष न्यायाधीशांपुढे नवी फिर्याद केली. आधी हरकत निघाली की लाचेच्या खटल्यात खासगी माणूस फिर्यादी होऊच शकत नाही, पोलीस हवेत. ती फेटाळली गेली. मग जुलै १९८३ मध्ये विशेष न्यायाधीश आर. बी. सुळे यांच्यापुढे बचाव पक्षाने हुकमाचं पान टाकलं. अंतुले मुख्यमंत्री नाहीत हे खरं, पण ते आमदार आहेत. आमदार हा लोकसेवक. मग आमदार म्हणून त्यांच्यावर खटला भरायला विधानसभेची परवानगी कुठे आहे? सुळे यांनी ते मान्य केलं आणि अंतुलेंना आरोपमुक्त केलं.

इथे क्षणभर थांबावं लागेल. विधानसभेत बहुमत ज्या पक्षाचं, त्याच पक्षाचा नेता आरोपी. बहुमताने ठराव करून आपल्याच नेत्याला कोर्टात पाठवा, असं त्या निकालाचं म्हणणं. कायद्याच्या भाषेत ते कितीही नीटस दिसो, व्यवहारात त्याचा अर्थ ‘कधीच नाही’ असा होता.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी १६ फेब्रुवारी १९८४ ला हा निकाल उलटवला. न्या. डी. ए. देसाईंनी लिहिलेला हा निकाल चवीने वाचण्यासारखा आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम २१ मध्ये लोकसेवक कोण याची यादी होती. ‘सरकारकडून वेतन घेणारा’ ही त्यातली एक ओळ. आमदाराला पगार-भत्ते मिळतात, मग तो त्यात बसतो का? देसाई म्हणाले, नाही. सरकार म्हणजे कार्यकारी सत्ता, मंत्रिमंडळ आणि नोकरशाही. आमदार तिचा चाकर नाही. उलट तिच्यावर लक्ष ठेवणं हे त्याचं काम. पैसे राज्याच्या तिजोरीतून येतात म्हणून तो सरकारचा पगारी होत नाही. त्यासाठी त्यांनी दंड संहितेचा पार १८६० पर्यंतचा इतिहास उपसला, संथानम समितीनंतर १९६४ मध्ये झालेल्या दुरुस्त्याही चाळल्या, आणि आमदाराला या यादीत आणायचा संसदेचा इरादा कधीच नव्हता असं दाखवलं.

त्याच निकालात आणखी एक मुद्दा होता. परवानगी लागते ती कोर्ट दखल घेतं त्या दिवशी माणूस ज्या पदावर आहे आणि ज्या पदाचा गैरवापर झाला, त्या पदासाठी. मुख्यमंत्रिपद गेलं होतं. म्हणजे राज्यपालांच्या ज्या परवानगीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडा झाला, ती मुळात लागतच नव्हती!

फिर्यादीची बाजू जिंकली, पण जिंकण्याची किंमत विचित्र होती. आमदार लोकसेवक नाही म्हटलं की आमदारावर खटला भरायला परवानगी लागत नाही हे खरं. पण त्याच न्यायाने आमदार म्हणून घेतलेली लाच त्या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. एका माणसाला कोर्टापुढे उभं करण्यासाठी देशातले सगळे आमदार-खासदार त्या कायद्याच्या बाहेर गेले. संसदेला ही फट बुजवायला १९८८ चा नवा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आणावा लागला. त्यात लोकसेवकाची व्याख्या रुंद झाली आणि १९९८ मध्ये झारखंड मुक्ती मोर्चाच्या लाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खासदार-आमदार तिच्यात बसतात असं सांगितलं. पण त्याच निकालात, तीन विरुद्ध दोन अशा मताने, पैसे घेऊन सभागृहात प्रत्यक्ष मत देणाऱ्या खासदाराला राज्यघटनेच्या कलम १०५ चं संरक्षण मिळालं. पैसे घेऊन मत न देणाऱ्याला मात्र ते नाही! लाच घेऊन इमानाने काम करणारा सुटला, बेइमानी करणारा अडकला. ही विसंगती निघायला मार्च २०२४ उजाडावा लागला; सीता सोरेन खटल्यात सात न्यायाधीशांनी एकमताने ते संरक्षण काढून घेतलं.

अंतुलेंकडे परत येऊ. १९८४ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला उशिराची चीड आली होती. अडीच वर्षं नुसत्या प्राथमिक हरकतींत गेलेली. म्हणून कोर्टाने कुणी न मागता एक आदेश जोडला : खटला विशेष न्यायाधीशांकडून काढून मुंबई उच्च न्यायालयाकडे द्या, तिथल्या न्यायाधीशाने तो रोजच्या रोज चालवावा. लोकांना हे आवडलं. काम जोरात सुरूही झालं. न्या. डी. एन. मेहता यांच्यापुढे ५७ साक्षीदार तपासले गेले, मसुद्यातल्या ४३ पैकी २१ आरोप निश्चित झाले. उरलेले का नाहीत म्हणून नायक पुन्हा दिल्लीला गेले आणि १९८६ मध्ये तिथेही जिंकले. त्यानंतर न्या. पी. एस. शहा यांनी जुलै १९८६ मध्ये ७९ आरोप ठेवले.

आणि मग अंतुलेंच्या वकिलांनी १९८४ च्या त्या जादा आदेशावर बोट ठेवलं. १९५२ चा कायदा म्हणतो की असे खटले ‘फक्त’ विशेष न्यायाधीशच चालवतील. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश कितीही मोठा असला तरी तो विशेष न्यायाधीश नव्हे. शिवाय खटलाच उच्च न्यायालयात चालला तर आरोपीचा उच्च न्यायालयात अपील करण्याचा हक्क बुडतो, आणि बाकी कुठल्याही आरोपीचा बुडत नाही. मग याच माणसाचा का? २९ एप्रिल १९८८ ला सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने हे मान्य केलं. आमच्या चुकीने कुणाचं नुकसान होता कामा नये, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने आपलाच चार वर्षांपूर्वीचा आदेश रद्द केला. खटला पुन्हा विशेष न्यायाधीशांकडे.

माझ्या मते १९८८ चा निकाल बरोबर होता. आरोपी नावडता आहे म्हणून त्याच्यासाठी वेगळी वाट काढली की ती वाट उद्या कुणासाठीही वापरता येते. चूक १९८४ च्या घाईची. पण बरोबर निकालाचा परिणाम काय झाला तेही बघायला हवं : साक्षीपुराव्यात गेलेली वर्षं पाण्यात. पुढे तर अंतुलेच कोर्टात गेले आणि खटल्याला उशीर होतोय म्हणून तो रद्द करा म्हणाले! त्यावर डिसेंबर १९९१ मध्ये पाच न्यायाधीशांनी जलद खटल्याच्या हक्काबद्दल अकरा सूत्रं घालून दिली, पण फौजदारी खटल्याला ठरावीक मुदत बांधून द्यायला नकार दिला. ही सूत्रं आजही देशभरच्या कोर्टांत रोज उद्धृत होतात, बहुतेक वेळा ज्यांनी सिमेंटचं परमिट कधी पाहिलंही नाही अशा आरोपींसाठी.

या प्रकरणात अंतुलेंना शिक्षा कधी झाली नाही. १९८९ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले, १९९५ मध्ये केंद्रात आरोग्यमंत्री झाले, २००६ पासून अल्पसंख्याक व्यवहार मंत्री होते. २०१४ मध्ये ते वारले. रामदास नायक यांची १९९४ मध्ये मुंबईत गोळ्या घालून हत्या झाली होती. तिचा या खटल्याशी संबंध नव्हता. उरलं ते दोघांच्या नावांनी ओळखलं जाणारं न्यायनिर्णयांचं बाड.

परवानगीचं दार मात्र जागेवरच आहे, फक्त त्याला कड्या वाढल्या. टू-जी प्रकरणात सुब्रमण्यम स्वामींनी नोव्हेंबर २००८ मध्ये दूरसंचार मंत्री ए. राजा यांच्यावर खटल्याची परवानगी पंतप्रधानांकडे मागितली. उत्तर आलं मार्च २०१० मध्ये, सोळा महिन्यांनी, आणि तेही ‘अजून वेळ आलेली नाही’ असं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की साध्या नागरिकालाही परवानगी मागण्याचा हक्क आहे आणि तीन महिन्यांत, फार तर आणखी एका महिन्यात निर्णय व्हायला हवा. (राजा आणि इतर सर्व आरोपींना विशेष न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये निर्दोष ठरवलं, हेही इथेच नोंदवलं पाहिजे.)

आपल्याकडचं ‘आदर्श’ प्रकरण याहून बोलकं. कुलाब्यातल्या ३१ मजली इमारतीवरून अशोक चव्हाणांनी नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्रिपद सोडलं. सीबीआयने परवानगी मागितली, राज्यपाल के. शंकरनारायणन यांनी डिसेंबर २०१३ मध्ये ती नाकारली. केंद्रात आणि राज्यात सत्ता बदलली, राज्यपाल बदलले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये विद्यासागर राव यांनी त्याच प्रकरणात ती दिली. डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ही दुसरी परवानगी रद्द केली, कारण आधीचा नकार फिरवण्यासारखा नवा ग्राह्य पुरावा पुढे आलेला नव्हता. दोन राज्यपालांची दोन उत्तरं, आणि आरोप खरे की खोटे हे साक्षीपुराव्याने तपासण्याची वेळच आली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये चव्हाण भाजपमध्ये गेले. ज्यांना चव्हाण दोषी वाटत होते त्यांनाही आणि ज्यांना निर्दोष वाटत होते त्यांनाही कोर्टाकडून काही मिळालं नाही. चव्हाणांनाही खटला चालून मिळणारी निर्विवाद सुटका मिळाली नाही. परवानगीच्या पद्धतीवरचा माझा खरा आक्षेप हाच.

शेजारी कर्नाटकात ऑगस्ट २०२४ मध्ये म्हैसूरच्या भूखंडांवरून राज्यपाल थावरचंद गेहलोत यांनी मुख्यमंत्री सिद्धरामय्यांच्या चौकशीला मंजुरी दिली, मंत्रिमंडळाचा सल्ला उलटा असताना. तिथेही अर्जदार खासगी नागरिक होते, तिथेही प्रश्न १९८२ चाच होता, आणि उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये राज्यपालांच्या बाजूने कौल दिला. पुढे लोकायुक्त पोलिसांनी मुख्यमंत्र्यांविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल दिला. चौकशी होऊन आलेलं ‘नाही’ आणि चौकशीच न होता आलेलं ‘नाही’ यांत मला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

मधल्या काळात कायदाही उलट्या दिशेने सरकला. पूर्वी परवानगी लागायची ती खटल्याला. चौकशी मोकळी होती. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या चौकशीलाच आधी मंजुरी घ्यायचा सरकारी फतवा सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये रद्द केला. २००३ मध्ये तो कायद्यात कलम होऊन आला. २०१४ मध्ये तेही रद्द झालं. २०१८ मध्ये कलम १७-अ म्हणून तो तिसऱ्यांदा आला, आणि यावेळी वरिष्ठांपुरता नव्हे तर सगळ्याच लोकसेवकांसाठी : शिफारस किंवा निर्णयाशी निगडित आरोप असेल तर पोलिसांनी चौकशीआधीच मंजुरी घ्यायची. रंगेहाथ पकडण्याच्या सापळ्याला सूट आहे, म्हणजे पाचशे रुपये घेणारा कारकून सापडेल; फाइलीवर शेरा मारून कोट्यवधींचा निर्णय करणाऱ्यासाठी आधी मंजुरी. त्याच दुरुस्तीने पद सोडलेल्यांनाही खटल्याच्या परवानगीचं कवच दिलं. राजीनामा दिल्यावर परवानगी लागत नाही, हा १९८४ चा धडा त्यामुळे इतिहासजमा झाला.

लोकायुक्त नेमणारं पहिलं राज्य आपलं. तो कायदा १९७१ चा. अण्णा हजारेंच्या पाठपुराव्यानंतर आलेलं नवं लोकायुक्त विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर केलं, आणि मुख्यमंत्रीही त्याच्या कक्षेत आले अशी वाखाणणी झाली. मात्र मुख्यमंत्र्याची चौकशी सुरू करण्याआधी विधानसभेची संमती घ्यायची, आणि तीही एकूण सदस्यांच्या दोन-तृतीयांश मतांनी, अशी अट त्यात आहे. सुळे यांनी १९८३ मध्ये जी परवानगी मागितली होती तिला निदान साधं बहुमत पुरलं असतं. २८८ च्या सभागृहात सरकार टिकवायला १४५ आमदार लागतात. मुख्यमंत्र्याची चौकशी सुरू करायला १९२.